आतून पाहिलेली बोट

आमच्या भागात नळाला आठ-नऊ दिवसांतून एकदा पाणी येतं. ते आलं की माणूस काय काय भरून ठेवतो, याची यादी करायला बसू नये. ड्रम, हंडे, बादल्या, कुकर, पोरांच्या शाळेच्या बाटल्या. शेजारच्या एका गृहस्थांना हेल्मेट उलटं धरून नळाखाली उभं राहिलेलं मी स्वतः पाहिलंय. पण सुमनमावशीच्या घरची तऱ्हा वेगळी. ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाते, नळाचा पाइप एका चौकोनी झाकणातून आत सोडते आणि लढाऊ बोट भरून घेते.

तेरा फूट लांब, करड्या रंगाची बोट. पुढे एक तोफ, मागे एक तोफ, मधे रडारचा खांब. खांबावर मावशी फरशी पुसायचं फडकं वाळत घालते.

नवीन पाहुणा आला की त्याचा चहा थंड होतो. तो बोटीकडे बघतो, मग मावशीकडे, मग परत बोटीकडे. समुद्र इथून एका रात्रीच्या गाडीवर, आणि जवळची नदी म्हणजे बाराही महिने क्रिकेट खेळता येईल अशी जागा. अशा गावात हे काय आहे, असं त्याला विचारायचं असतं. मावशी त्याला म्हणते, "दिलीपला विचारा. तो सांगंल."

दिलीप म्हणजे मी. आमच्या कुटुंबात कामं वाटून दिलेली आहेत. लग्नात आचाऱ्यावर लक्ष ठेवायला एक जण, मानपानाला एक, रुसलेल्या माणसाला परत आणायला एक. माझ्याकडे गोष्टी सांगायचं काम आलं, कारण आधी बाकीची तिन्ही माझ्याकडे देऊन पाहिली होती.

तर ही बोट रंगनाथमावसांची. मावसा जाऊन आता दीड वर्ष होईल.

मावसा मूळचे भोकरदनकडच्या धावड्याचे. घरची शेती, तीन भाऊ, विहिरीवर मोट. अठराव्या वर्षी ते मित्राबरोबर औरंगाबादला लष्कराच्या भरतीला गेले. मैदानात दोन रांगा होत्या. एक लांबलचक आणि उन्हात. दुसरी आखूड, तीही लिंबाच्या झाडाखाली. मावसा सावलीत उभे राहिले. संध्याकाळपर्यंत ते नेव्हीत भरती झालेले होते.

"तुम्हाला पोहता येत होतं का?" मी एकदा विचारलं.

"विहिरीत येत व्हतं. पण तिथं कडेला धरायला दगडं ऱ्हातेत."

नेव्हीनं त्यांना इंजिनाचं काम शिकवलं आणि एकाहत्तरच्या लढाईत एका छोट्या, वेगवान मोटर बोटीच्या पोटात उतरवलं. तिला तीन इंजिनं होती. मावसांकडे मधलं. पुढे बरीच वर्षं नोकरी करून ते परत आले, जालन्यात घर बांधलं, एका कारखान्यात मशिनांची देखभाल केली, तिथूनही निवृत्त झाले. पण बोटीच्या पोटातून ते पूर्ण बाहेर आले असं मला कधी वाटलं नाही.

एक म्हणजे त्यांचे कान. दुपारी ओट्यावर डोळे मिटून पडलेले असायचे आणि रस्त्यावरून रिक्षा गेली की न उठता सांगायचे, "ह्याचं बेअरिंग गेलं. दोन दिवस." तिसऱ्या दिवशी तीच रिक्षा नवीन जालन्यात स्टेशनसमोर ढकलत नेताना दिसायची. काही रिक्षावाले म्हणे त्या गल्लीतून इंजिन बंद करून उतारानं जात. घरातला मिक्सर, कूलर, शेजाऱ्याची मोटर, सगळ्यांची नाडी त्यांना ठाऊक. माझ्या लग्नानंतर मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो. सकाळी मावसा तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ह्यो घोरताना हवा कमी घेऊन राह्यला. नाक दाखवा डॉक्टरला." तेव्हापासून माझी बायको माझं एक वाक्य मानत नाही, मावसांची सगळी मानायची.

दुसरी सवय हुकमाची. बोटीवर वरून हुकूम आला की खालच्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा, मग काम करायचं, आणि झालं की झालं म्हणून कळवायचं. इंजिनांच्या आवाजात चुकीचं ऐकू आलं तर घोटाळा नको, म्हणून ही पद्धत. मावसांनी ती घरात आणली.

"अहो, अर्धा किलो गवार आणा."

"अर्धा किलो गवार आणतो."

"कवळी बघून."

"कवळी बघून."

आणि पाऊण तासानं दारातून, "गवार आणली. अर्धा किलो. कवळी."

लग्न झाल्यावर पहिले सहा महिने मावशीला वाटत होतं की हा माणूस आपल्याला वेडावून दाखवतो. ती एकदा माहेरी निघून आली होती याच कारणावरून. माझ्या आजोबांनी जावयाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "रंगनाथराव, पोरीला नीट सांभाळा." मावसा म्हणाले, "पोरीला नीट सांभाळतो." आजोबांना ते फार आवडलं. मावशीनं कपाळावर हात मारला, पण परत गेली.

या पद्धतीत एकच अडचण होती. दोघांनी दोन हुकूम दिले की मावसा बंद पडायचे. माझ्याच लग्नात माझे वडील म्हणाले, नवरदेवाची गाडी पुढं घ्या, आणि मामा म्हणाले, मागं घ्या. मावसांनी दोन्ही वाक्यं परत म्हटली, गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. आत मी, फेटा बांधून. वडील आणि मामांचं एकमत व्हायला वीस मिनिटं लागली. मुहूर्त टळला नाही, पण माझ्या सासूबाईंनी तेव्हाच माझ्याकडे जे एकदा पाहिलं ते अजून तसंच पाहतात.

आता बोट.

एका सव्वीस जानेवारीला शेजारच्या शाळेनं मावसांना भाषणाला बोलावलं. प्रत्यक्ष लढाईत गेलेला माणूस गल्लीत राहतो, हे नव्या मुख्याध्यापकांना तेवढ्यातच कळलं होतं. मावसा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, सोबत मी. चारशे पोरं मैदानात बसलेली. मावसा माइकसमोर उभे राहिले आणि लढाईचं वर्णन सुरू झालं.

"ऑइल प्रेशर बराबर होतं. टेंपरेचर थोडं वर होतं, पण बिलकुल काळजीचं नव्हतं. वरून हुकूम आला, पूर्ण पुढं. पूर्ण पुढं केलं. मंग लई हादरे बसले. मंग हुकूम आला, अर्धं. अर्धं केलं. मंग बंदरात आल्तो. वर येऊन चहा प्यायलो."

एवढं बोलून ते थांबले. लढाई संपली होती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्यांत प्रश्न होता. मुख्याध्यापक भला माणूस, त्यांनी सावरून घ्यायला माइक हातात घेतला. "काका, निदान तुमची बोट समुद्रातून सुसाट पळताना कशी दिसायची, तेवढं तरी मुलांना सांगा."

मावसा माइककडे वाकले. मग म्हणाले, "म्या न्हाई पाह्यली. म्या खाली व्हतो."

चारशे पोरं हसली. मीही हसलो, हे इथं लिहून टाकतो.

मावसा हसले नाहीत. आम्ही घरी निघालो. रस्त्यात एक टेम्पो भयंकर खडखडत गेला, त्याच्याकडेही लक्ष नाही, तेव्हा मला काळजी वाटली. फाटकापाशी थांबून ते म्हणाले, "दिलीप, खरं सांगतो. ती पळायला लागली की म्या खाली. थांबली की म्या वर. उभी पाह्यली लई येळा. पळताना एकदा बी न्हाई."

"मोबाइलवर बघू की मावसा. तसल्या बोटींचे व्हिडिओ असतील."

"त्या दुसऱ्या बोटी," मावसा म्हणाले. "आपली जोर धरला की डाव्या अंगाला झुकायची. आतून कळायचं. तेलाची बुधली डावीकडं सरकायची."

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये ठोकाठोक सुरू झाली.

ही मूळ बोटीच्या दहाव्या हिश्श्याची बोट व्हायची होती. नकाशा नव्हता. मावसांकडे एकच काळा-पांढरा फोटो होता, बोटीसमोर काढलेला. फोटोत बोट आहे, पण तिच्यापुढे अकरा धिप्पाड माणसं छाती काढून ओळीनं उभी. दोन डोक्यांच्या मधून बोट जेवढी दिसते, तेवढीच. मावसा भिंग घेऊन त्या माणसांच्या खांद्यांवरून, काखेतून, एकाच्या तर टोपीच्या वरून बोट मोजत बसायचे. "ह्यो सरदारजी सहा फूट दोन इंच. त्याच्या कानाच्या लायनीत रेलिंग." सरदारजीच्या कानावरून अख्खा वरचा डेक निघाला.

खालच्या भागाला मात्र फोटोची गरजच नव्हती. तो सगळा त्यांच्या हातात होता. आत तीन इंजिनांच्या जागा, पाइप, झडपा, डायल, शिडीच्या पायऱ्या सात. मधल्या इंजिनाजवळ एक हुक लावलेला, काडीपेटीच्या काडीएवढा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"माझा टॉवेल."

वर झाकण बसलं की यातलं काहीही कुणाला दिसणार नव्हतं. वरची तोफ, जी सगळ्यांना दिसणार होती, ती त्यांनी सायकलच्या पंपाची केली. अर्ध्या दिवसात.

सांगाडा लोखंडी पट्ट्यांचा, वर प्लायवूड, त्यावर तेलाच्या डब्यांचा पत्रा. मोटरी भंगारातल्या बॅटरीच्या स्कूटरींच्या. बोटीखालचे पंखे पितळेचे हवे होते. मावसांनी पितळ कुठून आणलं हे कळायला आठ दिवस गेले. मावशीला पुरणपोळ्यांसाठी कणीक मळायची होती.

"अहो, माझी पितळी परात कुठंय?"

मावसांना हुकूम परत म्हणायची सवय होती, प्रश्न परत म्हणायची नव्हती. ते शेडकडे बघायला लागले. मावशी शेडमध्ये गेली. बोट उपडी ठेवलेली होती, मागच्या बाजूला तीन चकचकीत पंखे. जुन्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरायची आपल्याकडे रीत आहे. मावशी वाकून बघायला लागली. एका पंख्याच्या पात्यावर लिहिलेलं होतं, 'सुमनच्या लग्ना'. दुसऱ्यावर, 'आईकडून'.

मावशीनं आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला की मावसांना बरं वाटायचं, इंजिन चालू आहे हे कळायचं. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आईची परात पाण्यात चालली. आता ही बोट अर्धी माझी."

"अर्धी तुझी," मावसा म्हणाले. हा हुकूम त्यांना पुढे महागात पडला.

बोटीचं अंग तयार झालं, मोटरी अजून बसायच्या होत्या. आता बघायचं होतं की गळते का. यासाठी बोट पाण्यात टाकायला हवी, आणि तेरा फुटी बोट मावेल एवढं पाणी एका जागी जालन्यात कुणाकडे असेल तर तो सांगणार नाही. मावसा चार दिवस विचार करत फिरले. पाचव्या दिवशी ते स्टेशनकडे बॅटऱ्या बघायला गेले आणि नळाला पाणी आलं.

त्या दिवशी काय झालं देव जाणे, पाणी जायलाच तयार नाही. मावशीनं ड्रम भरले, हंडे भरले, पातेली भरली, वाट्या भरल्या. पाणी चालूच. आता वाहतं पाणी सोडून द्यायचं, हे या गावच्या बाईला जमणारं नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. आणि पाइप उचलून तिच्या अर्ध्या मालकीच्या बोटीत सोडला.

मावसा परत आले तेव्हा बोट काठोकाठ भरलेली होती. मीही नेमका तिथं होतो. मला वाटलं आता मोठं भांडण होणार, म्हणून मी बसायला चांगली जागा बघितली. मावसांनी बोटीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग विजेरी आणली, आडवे झाले आणि सरपटत बोटीखाली गेले. आतून त्यांचा आवाज आला, "सुमन, लई चांगलं काम केलं."

कारण इथं ही रीतच आहे. नवा हौद बांधला की तो भरायचा आणि बाहेरून ओल येते का बघायची. टाकी असो, माठ असो, भरून ठेवायचं आणि खाली बघायचं. माझ्या अख्ख्या आयुष्यात पाणी आतून बाहेर जाण्याचीच भीती मी पाहिलेली आहे. बाहेरून आत यायला पाणी लागतं. त्यामुळे त्या शेडमध्ये उभ्या असलेल्या आम्हा तिघांपैकी कुणालाही काही चुकतंय असं वाटलं नाही, आणि तिघांपैकी एक जण नेव्हीतला होता.

तिन्ही पंख्यांचे दांडे जिथून बाहेर निघत होते, तिथं टप टप थेंब पडत होते. मावसांनी तिथं हापशाचे वायसर बसवले होते. हापशाच्या आत चामड्याची छोटी वाटी असते. पाणी तिच्या पोटाकडून आलं की ती फुगून घट्ट बसते, पाठीकडून आलं की दबून वाट देते. मावसा म्हणाले, "वाट्या उलट्या बसल्या." पण पाणी सोडून द्यायला मावशी तयार नाही. मग आठ दिवस ते वापरून संपेपर्यंत वाट बघितली. मावशी झाकणातून तांब्या घालायची, आम्ही बोटीतल्या पाण्याचा चहा प्यायचो, खाली थेंबांना वाट्या ठेवलेल्या. बोट रिकामी झाल्यावर मावसांनी तिन्ही दांड्यांचे वायसर फिरवून बसवले. पुढच्या खेपेला मावशीनं बोट परत भरली. नऊ दिवस एक थेंब बाहेर आला नाही. मावसांनी वहीत लिहिलं: 'गळती बंद.' खाली सही आणि हुद्दा.

पाणी धावड्याला होतं. मावसांच्या पुतण्यानं, भगवाननं, शेततळं केलं होतं. पावसाळ्यात विहिरीतून उपसून भरलेलं, आणि उन्हाळी मिरचीसाठी जिवापाड राखलेलं. शेततळ्याच्या तळाला जो जाड प्लास्टिकचा पडदा असतो त्याला शेतकरी कागद म्हणतात. कागदाला भोक पडलं की तळं खाली, आणि तळं खाली की मिरची खाली. भगवान त्या कागदाला तळहातावरच्या फोडासारखा जपायचा.

"काका, तुम्हाला न्हाई म्हणता येत न्हाई मला," तो म्हणाला. "पण बोटीखाली ती पाती हायेत. कागद फाटला तं माझं वरीस गेलं."

"कागद फाटणार न्हाई," मावसा म्हणाले. ही हुकमाची परतफेड होती की वचन, ते भगवानला कळलं नाही. त्यानं अटी घातल्या. चपला बाहेर. नारळ काठावर फोडायचा नाही, करवंटी टोचते. तो बांधावर फोडायचा. पाती कागदापर्यंत पोचणार नाहीत एवढं अंतर राखून बोट मधोमध चालवायची. आणि बोटीला कासरा बांधायचा, म्हणजे वेळ आली तर ओढून काढता येईल.

"खऱ्या बोटीला कासरा नव्हता," मावसा पुटपुटले.

"खऱ्या समुद्राला कागद नव्हता," भगवान म्हणाला.

सोमवारपासून मिरचीला पाणी सुरू होणार होतं, म्हणून शनिवार ठरला. टेम्पोतून बोट नेली. धावड्यात शिरताना लोकांनी टेम्पोला हात जोडले. करड्या रंगाचं, लांब, वर खांब, पुढे बसलेली बाई. त्यांना वाटलं कुठल्यातरी देवाची पालखी असावी.

तळ्यावर कासऱ्याचं टोक धरायचं काम मला मिळालं. मला पोहता येत नाही, हे माहीत असूनही. भगवान म्हणाला, "म्हणूनच. तुम्ही सोडणार न्हाई."

रिमोट मावसांनी मावशीच्या हातात दिला.

"मी काय करू ह्याचं?" मावशी म्हणाली. "तुम्ही बनवली, तुम्ही चालवा."

"म्या इंजिनवाला. हुकूम वरून येतो. पंचेचाळीस वर्षं तूच देऊन राह्यली." मावसांनी तिला दांडी दाखवली. "ही पुढं केली की पुढं. ही वळायची."

"अन् थांबवायची?"

"सोडून दे दांडी."

आठ माणसांनी बोट अलगद पाण्यात सोडली. ती डुलली, सावरली आणि उभी राहिली. अगदी सरळ, तिच्या अंगावरचा पांढरा पट्टा पाण्याच्या चार बोटं वर. माणसं ओरडली, मावशीनं डोळ्यांना पदर लावला, कुणीतरी बांधावर नारळ फोडला. मावसा काठावर बसले आणि खिशातला चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले. त्यांना घाई नव्हती.

मावशी म्हणाली, "अहो, तो पांढरा पट्टा आत्ता वर होता ना?"

मावसांनी चष्मा लावला. पट्ट्याला पाणी टेकलं होतं.

मग अगदी शांतपणे, रिक्षाचं बेअरिंग सांगावं तसं ते म्हणाले, "वायसर. पह्यले बराबर होते. म्या उलटे केले."

कळायला मला जरा वेळ लागला. शेडमध्ये पाणी आत होतं, ते बाहेर येऊ नये म्हणून वाट्या फिरवल्या. इथं पाणी बाहेर. आमच्या बोटीनं नऊ दिवस एक थेंब बाहेर सोडला नव्हता, आणि आता ती एक थेंब अडवत नव्हती. आम्ही दोन महिने खपून उत्तम टाकी तयार केली होती.

"काका, काढा भाईर, जल्दी!" भगवान ओरडला. "मोटरी भिजतील. ती बुडून कागदावर बसली तं माझं काय?"

"काढा की," मीही म्हणालो. "वायसर फिरवू आणि परत आणू."

पण परत कधी, हे सगळ्यांना दिसत होतं. सोमवारपासून तळं उतरणार. पुढच्या वर्षी पाऊस किती, कुणी सांगावं. आणि मावसा पंचाहत्तरीच्या पुढे. भगवान एका बाजूनं काढा म्हणत होता, गावकरी दुसऱ्या बाजूनं चालवा म्हणत होते. दोन हुकूम. मला माझं लग्न आठवलं. आता हे हात गुडघ्यांवर ठेवून बसतील आणि बोट सगळ्यांसमोर बुडेल.

मावसा उठून उभे राहिले.

"भगवान, ती मधी जाऊन फिरंल. बसायला लागली तं खोलात बसंल, पाती कागदाला लागायच्या आत वढून काढू. कासरा हाय. कागदाला काय झालं तं म्या जबाबदार." मग ते मावशीकडे वळले. आवाज वेगळाच निघाला. मी तो कधी ऐकला नव्हता.

"सुमन. तिन्ही इंजिनं. पूर्ण पुढं."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून आपोआप आलं, "पूर्ण पुढं." आणि तिनं दांडी ढकलली.

बोटीनं आधी मागचा भाग खाली दाबला. मग नाक वर काढलं आणि पाणी फाडत निघाली. मागे तीन पांढऱ्या रेघा. मधे गेल्यावर मावशीनं वळवली, आणि वळण संपून सरळ झाली तरी ती डाव्या अंगाला झुकलेलीच होती, थोडीशी, खांद्यावर झोळी असलेल्या माणसासारखी. कासऱ्यानं मला दोन पावलं ओढलं, मी ओल्या कागदावर बसलो आणि बसल्या बसल्या घसरत कमरेपर्यंत पाण्यात गेलो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी कासरा सोडला नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

तिथून मला मावसा दिसत होते. इतकी वर्षं मी त्यांना आवाजाकडे कान लावून डोळे मिटलेलं पाहिलं होतं. आता डोळे एवढे उघडे होते की पापणी हलत नव्हती.

दोन फेऱ्या झाल्या. तिसरीच्या अर्ध्यात आवाज बदलला.

"मधलं गेलं," मावसा म्हणाले.

ते त्यांचं इंजिन. मग डावं गेलं. बोट हळू झाली, मागून खाली बसत गेली, आणि तोफ, खांब, नाक एवढंच वर राहिलं. भगवान "कागद! कागद!" करत माझ्यामागे आला, आणि दहा-बारा जणांनी कासरा धरून आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि बोटीला, काठाकडे घेतलं. पाती कागदाला लागण्याआधी गड्यांनी बोट वरच्यावर उचलली. भगवाननं ओणवं होऊन सगळा उतार हातानं चाचपला. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा तो पहिल्यांदा हसला, आणि लगेच म्हणाला, "बोटीतलं पाणी माझं हाय. वाटीनं का होईना, माघारी तळ्यात टाका."

बादल्यांनी पाणी परत टाकणं चाललं होतं तेव्हा मावसा जरा लांब बांधावर बसले होते. मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी पँट पिळत जवळच उभा होतो.

"दिसली का?" तिनं विचारलं.

"दिसली." मग ते म्हणाले, "केवढीशी व्हती गं. आत व्हतो तवा वाटायचं, हिच्याभाईर काही न्हाईच. अन् एवढीशी."

मावशीनं त्यांच्या शर्टाला चिकटलेली शेवाळाची एक तार काढून टाकली.

संध्याकाळी टेम्पो निघाला. मी आणखी एक दिवस धावड्याला राहणार होतो. माझी पँट वाळायची होती. त्यानंतर लगेच कंपनीनं मला काही महिन्यांसाठी बाहेरगावी पाठवलं, आणि पावसाळ्यात मावसा गेले तेव्हा मी तिकडंच होतो. वायसर त्यांनी सरळ केलेच नाहीत. मावशी म्हणाली होती, राहू द्या, आता तशी उपयोगाची आहे. म्हणजे माझ्यासाठी मावसा शेवटचे दिसले ते त्या टेम्पोत. ते पुढं बसलेच नाहीत. मागे बोटीशेजारी, फळी उघडी टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. एक हात बोटीवर, आणि पाय बाहेर सोडून हलवत होते, मोटेवर बसलेल्या पोरासारखे.

मावशीनं पुढच्या खिडकीतून डोकं काढलं. "अहो, पाय आत घ्या!"

"पाय आत घेतो!"

हुकूम बराबर परत आला. टेम्पो वळणापर्यंत गेला, धुळीत दिसेनासा झाला, तोवर मी बघत होतो. पाय बाहेरच होते.